कला व वास्तुकलेतील तज्ज्ञांची व्यावसायिक पार्श्वभूमी : मुंबईच्या संदर्भात एक चिकित्सा

समकालीन कला व वास्तुकला या क्षेत्रांत तज्ज्ञ कोणास म्हणावे, या प्रश्नाचे उत्तर वास्तुकलेपुरते कायद्याने दिले आहे. १९७२ च्या आर्किटेक्ट्स ॲक्टनुसार कौन्सिल ऑफ आर्किटेक्चरकडे नोंदणी झालेल्या व्यक्तीसच ‘आर्किटेक्ट’ ही उपाधी लावता येते. कलासमीक्षकास मात्र ना परिषद, ना नोंदवही. त्यामुळे तो कोणत्या व्यवसायातून आला, हे त्याच्या परिचयातील किरकोळ तपशील मानून वाचक पुढे जातो. वस्तुतः समीक्षकाच्या दृष्टीचे सामर्थ्य आणि तिची मर्यादा या दोहोंचे मूळ पुष्कळदा या तपशिलातच सापडते. मुंबईच्या आधुनिक कलेचा इतिहास या दृष्टीने तपासण्याजोगा आहे.

१९४० च्या दशकात मुंबईतील तरुण चित्रकारांना ज्यांचा आधार लाभला, त्यांत युरोपातून आलेल्या तिघांची नावे प्रामुख्याने घेतली जातात. त्यांपैकी वॉल्टर लँगहॅमर हे स्वतः चित्रकार असून टाइम्स ऑफ इंडियाचे कलासंचालक होते. इमॅन्युएल श्लेसिंगर औषधनिर्मितीच्या व्यवसायात होते व चित्रे संग्रहित करीत. तिसरे रुडॉल्फ फॉन लेडन. त्यांनी भूगर्भशास्त्रात डॉक्टरेट मिळविली होती. १९३३ साली ते मुंबईस आले, जाहिरातकलेत स्थिरावले, व्यंगचित्रे काढली आणि वृत्तपत्रातून कलासमीक्षा लिहू लागले. पुढे गंजिफांच्या अभ्यासात त्यांनी नाव मिळविले. सावंतवाडीच्या गंजिफांमुळे मराठी वाचकास हा विषय परका नाही. पत्त्यांचे संच, त्यांचे प्रकार व प्रदेश यांची चिकाटीने वर्गवारी करणाऱ्या या अभ्यासात निसर्गविज्ञानाच्या शिस्तीचा ठसा दिसतो, असे म्हणण्यास जागा आहे.

या मंडळींचे बाहेरचेपण कलेच्या पथ्यावर पडले. जे. जे. कलाशाळेतील ॲकॅडमिक शैली आणि भारतीय पुनरुज्जीवनवाद यांच्या वादात त्यांचे हितसंबंध गुंतलेले नव्हते. १९४७ साली स्थापन झालेल्या प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुपकडे ते नव्या नजरेने पाहू शकले. परंतु याची दुसरी बाजूही आहे. गौरव करणारा, चित्र विकत घेणारा आणि वृत्तपत्रात वजन असणारा अशी माणसे एकाच वर्तुळात वावरत होती. ग्रुपचा इतिहास म्हणजेच मुंबईच्या आधुनिक चित्रकलेचा इतिहास, ही समजूत दृढ होण्यात त्या वर्तुळाचा वाटा किती, याची चिकित्सा मराठीत फारशी झालेली नाही. त्या समीक्षकांच्या प्रामाणिकपणाविषयी शंका घेण्याचे कारण नाही. शंका आहे ती त्यांचे लेखन आज निःपक्ष साक्ष म्हणून वाचण्याविषयी.

द. ग. गोडसे यांचे उदाहरण याहून निराळे आणि अधिक फलदायी आहे. लंडनच्या स्लेड स्कूलमध्ये कलाशिक्षण, चरितार्थासाठी जाहिरातक्षेत्र आणि मराठी रंगभूमीवर नेपथ्यकार म्हणून प्रदीर्घ कामगिरी, अशी त्यांची वाटचाल होती. त्यांच्या ‘पोत’ (१९६३) या ग्रंथाचे नावच हाताने काम करणाऱ्याच्या शब्दकोशातले आहे. कापड हातात घेऊन पारखणाऱ्यास पोत कळतो; केवळ सौंदर्यशास्त्राचे ग्रंथ वाचणाऱ्यास तो शब्द सुचला असता की नाही, याची शंका आहे. कलावस्तूचा पोत आणि ती जिथे घडली त्या भूमीचा पोत यांचे नाते शोधणारी ही समीक्षा नेपथ्यकाराच्या नजरेतून आली आहे. नेपथ्यकारास रिकामा अवकाश, प्रकाश आणि साहित्याचा खडबडीतपणा यांचा विचार रोज करावा लागतो. मात्र याच सवयीमुळे वास्तू हे दृश्य बनते आणि तिच्यात राहणारी माणसे मागे पडतात, हा आक्षेपही घेता येईल.

वास्तुकलेत हा आक्षेप अधिक गंभीर ठरतो. ‘मार्ग’ हे नियतकालिक १९४६ साली मुंबईत सुरू झाले. त्याचे संस्थापक संपादक मुल्कराज आनंद हे कादंबरीकार व तत्त्वज्ञानाचे डॉक्टरेट. त्यांच्या सोबतीस ओटो कोनिग्सबर्गर, मिनेट डी सिल्वा यांच्यासारखे वास्तुविशारद होते. एका साहित्यिकाच्या हाती वास्तुकलेची चर्चा सोपविली गेली, ही गोष्ट आज अनेक महाविद्यालयांच्या नियमांत बसणार नाही. याच ‘मार्ग’मध्ये १९६५ साली खाडीपलीकडील नव्या मुंबईची संकल्पना प्रसिद्ध झाली. तिचे कर्ते तिघे होते : वास्तुविशारद चार्ल्स कोरिया व प्रवीणा मेहता आणि स्थापत्य अभियंता शिरीष पटेल. बेटाच्या दक्षिण टोकाकडे एकवटलेली रोजगाराची ओढ पूर्वेस वळविण्याचा त्यांचा विचार धाडसी होता, आणि १९७० मध्ये सिडकोची स्थापना होऊन तो अंमलातही आला.

पण ज्यांच्या भातशेतीवर व मिठागरांवर हे नगर उभे राहणार होते, त्यांचा व्यवसाय या तीन व्यवसायांत नव्हता. जानेवारी १९८४ मध्ये उरण परिसरातील प्रकल्पग्रस्तांनी दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली आंदोलन केले. त्यात गोळीबार होऊन पाच जणांनी प्राण गमावले. या शोकांतिकेचा दोष तीन नियोजनकारांवर टाकणे अन्यायाचे होईल. भूसंपादन व मोबदला हे शासनाचे निर्णय होते. तरीही नकाशा वाचण्याचे शिक्षण घेतलेल्यांना जमीन दिसते आणि सात-बारा दिसत नाही, ही त्या शिक्षणाची मर्यादा नोंदविणे आवश्यक आहे.

२०१६ साली मुंबईच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात स्वातंत्र्योत्तर वास्तुकलेवर ‘द स्टेट ऑफ आर्किटेक्चर’ हे मोठे प्रदर्शन झाले. राहुल मेहरोत्रा व कैवान मेहता यांच्यासमवेत कवी व कलासमीक्षक रणजित होस्कोटे त्याचे संयोजक होते. वास्तुकलेच्या मूल्यमापनात कवीस स्थान मिळणे ही ‘मार्ग’च्या परंपरेशी सुसंगत घटना होय. अभियंता, अर्थतज्ज्ञ वा विस्थापितांमध्ये काम करणारा कार्यकर्ता मात्र अशा संयोजनात अद्याप अपवादानेच आढळतो.

महाविद्यालयांपुढे हा प्रश्न नेमणुकीच्या रूपाने उभा राहतो. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२२ साली ‘प्रोफेसर ऑफ प्रॅक्टिस’ या पदासाठी मार्गदर्शक तत्त्वे जाहीर केली. पंधरा वर्षांचा व्यावसायिक अनुभव असल्यास औपचारिक पदवीची अट त्यांत शिथिल आहे, आणि ललित कलांचा स्पष्ट उल्लेख आहे. मंजूर पदांच्या दहा टक्क्यांची मर्यादाही आहे. या वाटेने एखादा गोडसे आज वर्गात येऊ शकेल. प्रबंधाचा परीक्षक वा संशोधनलेखाचा समीक्षक म्हणून त्याचे नाव सुचविले, तर पदवीच्या रकान्यात काय लिहावे, हे त्या तत्त्वांत सांगितलेले नाही.