विद्युत्वाहक शाई आणि चेतापेशी : ‘जैवानुकूल’ या विशेषणाची चिकित्सा

चेतापेशींच्या संवर्धनासाठी व अभ्यासासाठी विद्युत्वाहक द्रव्यांचे थर मुद्रित करण्याविषयीच्या संशोधनपर लेखनात ‘वाहक’ आणि ‘जैवानुकूल’ ही विशेषणे जोडीने येतात. पहिले मोजले जाते. दुसरे बहुधा गृहीत धरले जाते. प्रस्तुत लेखात या दुसऱ्या विशेषणाच्या वापराची चिकित्सा केली आहे.

या क्षेत्रात वारंवार उद्धृत होणारा प्रयोग श्मिट, लँगर व सहकाऱ्यांचा, १९९७ सालचा होय. पॉलिपायरोल या वाहक बहुवारिकाच्या थरावरील पीसी-१२ पेशींना विद्युत् उद्दीपन दिले असता त्यांच्या तंतूंची मध्यक लांबी १८.१४ मायक्रोमीटर भरली. उद्दीपनाविना ती ९.५ होती. ‘वाहक थरावर चेतापेशी दुप्पट वाढतात’ असा त्याचा सोयीस्कर सारांश काढला जातो. परंतु त्याच शोधनिबंधानुसार उद्दीपन नसताना पॉलिपायरोल आणि प्रयोगशाळेतील नेहमीची पॉलिस्टायरीनची बशी यांवर पेशींची वाढ सारखीच होती. म्हणजे श्रेय द्रव्याला आपोआप मिळत नाही. शिवाय पीसी-१२ ही उंदराच्या अधिवृक्क ग्रंथीतील अर्बुदापासून मिळविलेली पेशीमालिका आहे. मेंदूतील चेतापेशी नव्हे. पुढे २००१ मध्ये कोतवाल आणि श्मिट यांनी उद्दीपनामुळे पॉलिपायरोलवर फायब्रोनेक्टिन हे प्रथिन अधिक चिकटते, असे दाखविले. मग तंतू वाढले ते प्रवाहामुळे की प्रथिनामुळे? हा प्रश्न उपस्थित करणारा अभ्यास मूळ प्रयोगकर्तीच्याच सहभागाने झाला, ही बाब विशेष उल्लेखनीय आहे.

मुद्रणामुळे गुंतागुंत वाढते. २०२० मध्ये एमआयटीतील झाओ यांच्या गटाने पेडॉट:पीएसएस हे बहुवारिक गोठवून, शुष्क करून व पुन्हा द्रावकात मिसळून त्रिमितीय मुद्रणास योग्य अशी दाट शाई सिद्ध केली. सुमारे ३० मायक्रोमीटरच्या रेषा मुद्रित झाल्या आणि मुद्रित शलाकेने उंदराच्या मेंदूतील एकेका पेशीचे संकेत नोंदविले. हे यश निर्विवाद आहे. मात्र सेंटीमीटरला १५५ सीमेन्सहून अधिक ही वाहकता कोरड्या थराची आहे. पाण्यात फुगलेल्या अवस्थेत ती २८ च्या आसपास येते. पेशी कोरड्या थरावर जगत नाहीत, तेव्हा तुलनेसाठी दुसरा आकडाच ग्राह्य धरावयास हवा. शाईला प्रवाहीपणा व वाहकता देणारी द्रावके, पीएसएसची आम्लता, थर पाण्यात टिकविणारी जोडरसायने हे सर्व मुद्रकाच्या सोयीचे. पेशीच्या सोयीचे असेलच असे नाही.

विल्यम्स यांनी १९८७ मध्ये रूढ केलेल्या व्याख्येनुसार जैवानुकूलता ही विशिष्ट उपयोगाच्या संदर्भातच ठरते. जिवंत व मृत पेशी वेगळ्या रंगविणारी चाचणी पेशी मेलेली नाही एवढेच सांगते. तिच्यात विद्युत् संकेत उमटतात काय, शेजारच्या पेशीशी तिची जोडणी होते काय, यांविषयी ती मौन बाळगते. चेतापेशींच्या अभ्यासासाठी मुद्रित केलेल्या थराचा विशिष्ट उपयोग तर हाच असतो.