बाटलीच्या अंगावरचा इतिहास

बिअरच्या बाटलीविषयी या पानांत लिहावे, हे आमच्या काही वाचकांना रुचणार नाही, याची आम्हांस जाणीव आहे. म्हणून प्रारंभीच सांगून ठेवतो की प्रस्तुत लेखात मद्यपानाचा पुरस्कार नाही आणि निषेधही नाही. आमचा विषय बाटलीत काय आहे हा नसून बाटलीवर काय आहे हा आहे. बाटलीवर चिकटविलेले लेबल हा बाजारातला कागद खरा. पण अलीकडे या कागदावर इतिहास छापण्याची हौस फार वाढली आहे. राजे, गड, जहाजे, जुनी सनावळी, कधी कधी देवदेवतादेखील! चित्रकाराला स्फूर्ती हवी असते आणि इतिहास हा त्याला फुकटचा खजिना वाटतो. तो खरोखर फुकट आहे काय, एवढेच आम्हांस पाहावयाचे आहे.

ज्या लेबलाला स्वतःचाच इतिहास आहे, असे एक प्रथम घेऊ. इंग्लंडातील बर्टन या गावी १७७७ साली विल्यम बास याने बिअरचा कारखाना काढला. १८७५ साली तेथे व्यापारचिन्हांच्या नोंदणीचा कायदा झाला आणि १ जानेवारी १८७६ रोजी नोंदवहीत पहिल्या क्रमांकावर चढले ते बासचे चिन्ह, एक लाल त्रिकोण. त्यात राजा नाही, किल्ला नाही, नक्षी नाही. पण १८८२ साली पूर्ण झालेल्या एदुआर माने या फ्रेंच चित्रकाराच्या प्रसिद्ध चित्रात, पॅरिसमधील एका करमणूकगृहाच्या मद्यटेबलावर, हा त्रिकोण असलेल्या बाटल्या स्पष्ट दिसतात. येथे लेबलाने इतिहासाकडे उसनवारी केली नाही. इतिहासच लेबलाकडे चालत आला. वर्षानुवर्षे एकच खूण प्रामाणिकपणे वापरली, तर ती खूणच दस्तऐवज होते. चित्रकाराच्या दृष्टीने आम्ही या साध्या त्रिकोणाला फार वरचे स्थान देतो.

याच्या उलट बाजूला बेल्जममधील स्टेला आर्त्वाचे लेबल ठेवून पाहावे. त्यावर रणशिंगासारखे एक शिंग आहे आणि १३६६ हा सन आहे. हा सन लूव्हेन शहरातील ‘शिंग’ याच नावाच्या एका जुन्या मद्यशाळेचा. सेबास्तियन आर्त्वा याने ती विकत घेतली १७१७ साली, आणि स्टेला या नावाची बिअर प्रथम निघाली १९२६ साली, नाताळच्या निमित्ताने. म्हणजे बाटलीवर सहा शतकांहून अधिक वय मिरविणारे पेय अवघे एका शतकाचे आहे. यात निखालस खोटे असे काही नाही. परंतु वकिली भाषेत सांगावयाचे तर हा जमिनीच्या सनदेवरून घराचे वय सिद्ध करण्याचा प्रकार झाला. लेबल देखणे आहे. शिंगाचा आकार मद्यशाळेच्या जुन्या नावातूनच आलेला असल्याने तो शोभतोही. खटकतो तो आकडा.

आयर्लंडमधील गिनेसची वीणा हे याहून नाजूक प्रकरण. डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजात एक प्राचीन वीणा जतन केलेली आहे. लोक ती १०१४ साली मरण पावलेल्या ब्रायन बोरू राजाची म्हणतात; अभ्यासक मात्र तिला कित्येक शतकांनी अलीकडची ठरवितात. तिच्यावरून गिनेसने १८६२ साली आपले लेबल काढले आणि १८७६ साली त्या चिन्हाची नोंदणी केली. पुढे १९२२ साली आयरिश राज्य स्थापन झाले आणि त्यानेही वीणाच मुद्रा म्हणून स्वीकारली. आज या दोन वीणांची तोंडे परस्परविरुद्ध दिशांना आहेत. राष्ट्राची वीणा आणि बिअरची वीणा ओळखण्यासाठी तोंड कुणीकडे आहे हे पाहावे लागावे, हे आम्हांस भूषणावह वाटत नाही. समाजाची सामाईक ठेव एकदा दुकानाच्या पाटीवर चढली की तिच्यात वाटणी मागावी लागते.

आमच्या वाचकांच्या मनाला अधिक भिडेल असे उदाहरण डेन्मार्कचे आहे. कोपनहेगन येथील कार्ल्सबर्गच्या आवारात १९०१ साली उभारलेले एक प्रवेशद्वार आहे. ते दगडी हत्तींनी तोलून धरले आहे आणि हत्तींच्या अंगावर स्वस्तिके कोरलेली आहेत. त्या काळी ही बिअर स्वस्तिकाची खूण मिरवीत असे. पुढे जर्मनीत नाझींनी ते चिन्ह विटाळले आणि कार्ल्सबर्गला आपली खूण टाकून द्यावी लागली. हत्तींवरची स्वस्तिके तेवढी राहिली. ज्याचे मूळ आपल्या अंगणात नाही, असे चिन्ह केवळ शोभेसाठी घेतले की त्याचा अर्थ राखण्याचे बळ आपल्यापाशी नसते. आपल्या दारापुढे रांगोळीत उमटणारे स्वस्तिक मात्र त्या वादळातही पुसले गेले नाही. कारण तेथे ते शोभा नव्हते, आचार होते.

आपल्या देशात कायद्याने या बाबतीत काही कुंपणे घातली आहेत. १९९९ च्या व्यापारचिन्ह कायद्याच्या नवव्या कलमान्वये धार्मिक भावना दुखावणाऱ्या चिन्हाची नोंदणी होत नाही. १९५० च्या बोधचिन्हांविषयीच्या कायद्याच्या परिशिष्टात छत्रपती शिवाजी महाराजांचे नाव व चित्र समाविष्ट असून, सरकारच्या परवानगीवाचून व्यापारासाठी त्यांचा वापर करता येत नाही. परंतु कायदा फक्त काय करू नये ते सांगतो. काय शोभते ते अभिरुचीने ठरवावयाचे असते. बाटली रिकामी झाली की ती उकिरड्यावर जाते. जे चित्र तेथे पडलेले पाहून आपण चटकन पाय मागे घेऊ, ते मुळात बाटलीवर छापूच नये. आमच्या मते चित्रकाराला एवढी एक कसोटी पुष्कळ आहे.

मग स्फूर्ती आणावी कोठून? ज्या पेयाचे लेबल त्याच पेयाच्या चरित्रातून! घरचे उदाहरण घ्यावयाचे तर ते बिअरचे नाही, फेणीचे आहे. गोव्याच्या काजू फेणीला २००९ साली भौगोलिक निर्देशनाची मान्यता मिळाली. काजूचे झाड पोर्तुगीजांनी ब्राझीलमधून आणले. बोंडे तुडविण्याची जागा, भट्टीवरचे भांडे, उन्हाळ्याचा हंगाम, हे सारे येथल्या माणसांच्या हातचे. या चरित्रात चित्रकाराला पुरून उरेल एवढे रूप आहे आणि त्यातील प्रत्येक रेषेला साक्षीदार आहे. असे असता गडाचा बुरूज किंवा देवळाची दीपमाळ उचलून आणण्याचे प्रयोजन काय?

देवस्थानाच्या जुन्या कागदांत दुसऱ्याच्या दानाची नोंद कोणी आपल्या नावावर घातली, तर महाजन ती खपवून घेत नाहीत. लेबलावरील इतिहासालाही आम्ही तोच न्याय लावू. जेवढा आपला, तेवढाच छापावा. तो दोन बोटे भरला तरी चालेल. लाल त्रिकोण तेवढाच होता.