लक्षण, व्याप्ती आणि 'भाचा'

संगणकासाठी रचलेल्या संकल्पनाव्यवस्थेत संज्ञेची व्याख्या हे निव्वळ अर्थविवरण नसते. जाती-उपजातींची सारी उतरंड तिच्यावर उभी असते. साहजिकच व्याख्या तपासण्याचे निकष आधी निश्चित करावे लागतात. ते परके असण्याचे कारण नाही. न्यायशास्त्राने अव्याप्ती, अतिव्याप्ती आणि असंभव हे लक्षणाचे तीन दोष सांगितलेच आहेत. कपिल वर्ण हे गाईचे लक्षण मानले तर पांढरी गाय सुटते, शिंगे मानली तर म्हैस आत येते आणि एकखुरी म्हटले तर एकही गाय हाती लागत नाही.

पवईच्या आयआयटीत मराठी वर्डनेट तयार झाले ते हिंदी वर्डनेटच्या आधारे, त्यातील संकल्पनांसमोर मराठी पर्याय ठेवत. या पद्धतीने श्रम वाचतात, हे मान्यच केले पाहिजे. मात्र संकल्पनांची मूळ विभागणी हिंदीचीच राहण्याचा धोका तीत अंगभूत आहे. हिंदीत भावाचा मुलगा 'भतीजा' आणि बहिणीचा 'भानजा'. बोलणारा पुरुष की स्त्री, याने फरक पडत नाही. मराठीत पडतो. आत्याच्या दृष्टीने भावाचा मुलगा भाचाच. तेव्हा 'बहिणीचा मुलगा' ही 'भाचा' या शब्दाची व्याख्या उघडच अव्याप्त ठरते.

मग व्यावर्तक धर्म कोणता? 'एककुलत्व' असे सुचवता येईल: आपल्या कुळातला तो पुतण्या, कुळाबाहेरचा तो भाचा. दिराचा मुलगा पुतण्या आणि नणंदेचा भाचा, याचीही उपपत्ती यातून लागते. (हे लक्षण वर्गात मांडले की विद्यार्थी लगेच माना डोलावतात, तेवढ्यावर शिक्षकाने फसू नये.) कारण अविवाहित आत्या घेतली की ते कोसळते. ती आणि तिच्या भावाचा मुलगा एकाच कुळातले, एकाच आडनावाचे, अनेकदा एकाच घरातले. तरी तो तिचा पुतण्या होत नाही. म्हणजे 'पुतण्या'चे लक्षण अतिव्याप्त आणि 'भाचा'चे अव्याप्त. मुलगी परघरी जाणार, हे भाषेने तिच्या लग्नाची वाट न पाहताच गृहीत धरले आहे. हे गृहीत व्याख्याकाराला पटो वा न पटो, ते पुसून व्याख्या लिहिता येत नाही. नातेवाचक शब्दाच्या नोंदीत 'कोणाचा' या प्रश्नाला स्वतंत्र स्थान द्यावे लागेल, आणि तेथे व्यक्तीचे लिंगही नोंदवावे लागेल.