पदवी तपासायची की नोंद?

आमच्या धरणगावात जन्मलेल्या त्र्यंबक बापूजी ठोमरे यांना १९०७ साली जळगावच्या कविसंमेलनात अध्यक्ष डॉ. का. र. कीर्तिकर यांनी ‘बालकवी’ म्हटले, तेव्हा ते जेमतेम सोळा-सतरा वर्षांचे होते. कविता ऐकून दिलेली ती पदवी. शिक्षणाचा कागद कोणी मागितला नाही. विकिपीडियासारख्या मुक्त कोशांत ‘लिहिणाऱ्याची पदवी आधी तपासा’ ही मागणी प्राध्यापक मित्रांकडून ऐकतो, तेव्हा मला ही गोष्ट आठवते.

मागणी निराधार नाही. इंग्रजी विकिपीडियावर ‘एसजे’ या नावाने वावरणारा संपादक स्वतःला धर्मशास्त्राचा डॉक्टरेट मिळवलेला प्राध्यापक म्हणवी. २००६ साली ‘न्यूयॉर्कर’ने ते तसेच छापले. पुढल्या वर्षी कळले की तो २४ वर्षांचा तरुण, उच्च पदवी एकही नाही. संस्थापक जिमी वेल्स यांनी आधी काणाडोळा केला, मग त्याला पायउतार व्हायला सांगितले आणि पदव्या पडताळण्याची योजना मांडली. संपादकांनी ती स्वीकारली नाही; ते योग्यच झाले, असे माझे मत आहे. कारण एसजेचा खरा अपराध वेगळा होता. एका वादात त्याने नवशिक्यांसाठीच्या पुस्तकाचा आधार दिला आणि त्याच्या भरवशावर आपली पीएच.डी. पणाला लावतो, असे म्हटले. पुराव्याच्या जागी पदवी ठेवली. ती पदवी अस्सल असती, तरी युक्तिवाद तितकाच पोकळ ठरला असता.

आपल्या मराठी विश्वकोशात नोंदीखाली लेखकाचे नाव असते, त्याची पदवी नव्हे. प्रमुख संपादक लक्ष्मणशास्त्री जोशी हे ‘तर्कतीर्थ’ होते. इंग्रजी विद्यापीठाची पायरी त्यांनी चढली नव्हती. नाव दिले की जाब विचारता येतो, एवढे पुरे.

मात्र पदवीऐवजी ‘छापील संदर्भ’ मागणारा नियमही वाटतो तितका निष्पक्ष नाही. बहिणाबाई चौधरी १९५१च्या डिसेंबरात वारल्या. लिहिता-वाचता न येणाऱ्या त्या बाईंची गाणी सोपानदेवांनी जपली, अत्र्यांनी पुढाकार घेतला आणि १९५२ साली पुस्तक आले. त्यांच्या हयातीत मुक्त कोश असता, तर पुस्तक नाही म्हणून त्यांच्यावरची नोंद उडाली असती!

मी स्वतः एका मुक्त कोशात आखाजीच्या झोक्यावरच्या गाण्यांविषयी चार ओळी घातल्या होत्या. संदर्भ नाही म्हणून त्या गेल्या. नियमाप्रमाणे ते बरोबर होते, म्हणून मी भांडलो नाही. पण ती गाणी मला सांगणाऱ्या गल्लीतल्या मावशींना शाळा ठाऊक नाही. त्यांची कोणती पदवी तपासायची, आणि कोणत्या पुस्तकाचे पान दाखवायचे?

मावशींचा आवाज मी मोबाइलवर घेऊन ठेवला आहे. सांगणारीचे नाव, माहेरचे गाव, तारीख, सगळे वहीत टिपले आहे. संदर्भाच्या रकान्यात ते कसे भरायचे, एवढेच कोणीतरी सांगावे.