वाजत राहिलेला टाळ

वारीतल्या रीतीभातींचे कौतुक बहुतेक वेळा 'माऊली' या हाकेपासून सुरू होते, आणि ते रास्तच आहे. ज्येष्ठ वद्य अष्टमीला ज्ञानेश्वर महाराजांची पालखी आळंदीहून निघाली की पंढरपूरपर्यंत माणसांची नावे मागे पडतात. पाणी मागणारा माऊली, देणारा माऊली. बंदोबस्तावरचा पोलीससुद्धा 'माऊली, कडेनं चला' म्हणतो. एकाने पायाला हात लावला की दुसरा तितकाच वाकतो, मग वय, शिक्षण, गावातला मान काहीही असो. वीणा एका हातातून दुसऱ्या हातात जाते तेव्हाही देणारा आणि घेणारा एकमेकांना नमस्कार करतात. हे सारे नवख्याला पहिल्या दिवशीच दिसते. माझे मन मात्र रमते ते दिवस मावळताना, पालखीतळावरच्या समाजआरतीत. माणसांनी माणसांचे कसे ऐकून घ्यावे, याचा आपल्या मुलखात घडलेला इतका सुंदर विधी मला दुसरा माहीत नाही.

दिंड्या एकेक करून तळावर येतात. विणेकरी, मृदंगी, टाळकरी, पताकावाले, डोईवर तुळस घेतलेल्या बाया. दिवसभर ऊन-पाऊस अंगावर घेतलेला, पाय भरून आलेले, तरी टाळ चालूच. दिंड्या गोलाकार जागा धरून उभ्या राहतात. रथातून उतरवलेली पालखी खांद्यांवरून मधोमध आणली जाते. त्या वेळी टाळांचा जो कल्लोळ उठतो त्यात शेजारच्याचे बोलणेही कळत नाही. मग चोपदार हातातला दंड उंच करतो आणि 'होऽऽऽ' अशी लांब हाक देतो. टाळ थांबतात. एवढा अफाट समुदाय एका हाकेत गप्प होतो.

पुष्कळजण या शांततेलाच विधीचा कळस मानतात. मला वाटते, तिथे विधी नुकता सुरू झालेला असतो. कारण कधीकधी त्या शांततेत एखाद्या बाजूने टाळ वाजतच राहतात. त्या दिंडीला हाक ऐकू गेली नाही असे नवख्याला वाटते, पण जाणत्यांच्या माना तिकडे वळतात. त्या दिंडीचे काही गाऱ्हाणे आहे. क्रम मोडून कुणी पुढे घुसले असेल, मुक्कामाची जागा मिळाली नसेल, वाटेत कुणी उणेदुणे बोलले असेल. चोपदार त्या दिंडीपाशी जातो, काय ते ऐकून घेतो. बोलणे होते, टाळ थांबतात. त्यानंतर हरवलेल्या आणि सापडलेल्या वस्तू पुकारल्या जातात, उद्या किती वाजता निघायचे ते सांगितले जाते, आणि आरती होते.

या क्रमातली एकेक गोष्ट पाहण्यासारखी आहे. गाऱ्हाणे मांडायला वेगळे साधन नाही. ज्या टाळावर दिवसभर नाम घेतले, तोच टाळ इथे तक्रारीला उभा राहतो. आवाज चढवावा लागत नाही, कुणाचे नाव घेऊन बोट दाखवावे लागत नाही. नुसते वाजवत राहायचे. रागालाही ताल धरावा लागतो, आणि तालात धरलेला राग आपोआप अंगावर धावून जात नाही. शिवाय टाळ एकट्याचा वाजून भागत नाही, सगळ्या दिंडीने वाजवावा लागतो. म्हणजे ज्याचे दुखले त्याला आधी आपल्याच माणसांना ते पटवून द्यावे लागते. रुसवेफुगवे तिथेच गळून पडतात, आणि तळावर येते ते सर्वांनी मिळून खरे मानलेले दुःख.

मग ती शांतता. तक्रार करणारी दिंडी लहान असेल, दूरच्या एखाद्या खेड्यातली असेल. कल्लोळात तिचे मूठभर टाळ कुणाला ऐकू आले असते? बाकीच्यांनी आपले टाळ थांबवले म्हणून तिचे ऐकू आले. कुणी भाषण करून तिला न्याय देत नाही. ज्यांचा त्या भांडणाशी संबंधच नाही ती दमलेली, भुकेली माणसे फक्त आपला आवाज बाजूला ठेवतात. त्यांची आरती व्हायची आहे, चुली पेटायच्या आहेत, तरी ती थांबतात. पालखीसुद्धा तोवर थांबलेली असते. आरतीच्या आधी गाऱ्हाणे, हा क्रम ज्याने लावला त्याला माणूस आणि देव दोन्ही नीट कळले होते.

आणि चोपदार चालत जातो. मला या विधीत सर्वांत प्रिय आहे ती ही गोष्ट. दंड त्याच्या हातात, अधिकार त्याचा, तरी तक्रारदाराला तो मधोमध बोलावून घेत नाही. आपल्या कचेऱ्यांत गाऱ्हाणे घेऊन आलेला माणूस या खिडकीवरून त्या खिडकीवर फिरतो; इथे तो आपल्या जागी, आपल्या माणसांत उभा असतो आणि ऐकणारा त्याच्याकडे येतो.

ही शिस्त आपसूक आलेली नाही. सोहळ्याचे आजचे रूप साताऱ्याकडच्या आरफळचे हैबतबाबा यांनी 1832च्या सुमारास घडवले, असे मानतात. ते आधी ग्वाल्हेरच्या शिंद्यांच्या पदरी होते. रथापुढे 27 दिंड्या, बाकीच्या रथामागे, प्रत्येकीला क्रमांक, अंकलीच्या शितोळे सरदारांचे अश्व, चोपदाराची आज्ञा: या साऱ्यात फौजेची घडी दिसते. पण फौजेत शिपायाने हुकूम झाल्यावर वाजवत राहणे हा गुन्हा ठरला असता. इथे तो हक्क ठरला. आळंदीत महाद्वारातल्या हैबतबाबांच्या पायरीचे पूजन होऊन कार्तिकी यात्रा सुरू होते. एवढा सोहळा बांधणाऱ्याची आठवण पायरीच्या रूपाने ठेवली गेली, हेही त्या घडीला शोभणारेच.

या विधीवर प्रेम करताना एक सल मात्र बाजूला ठेवता येत नाही. इरावती कर्वे वारीत चालल्या आणि 'वाटचाल' या लेखात त्यांनी लिहून ठेवले, की एकाच दिंडीत भजन करणारी माणसे जेवायला जातीप्रमाणे वेगळी बसत. ते त्यांना लागले होते. पंढरपुरात विठ्ठलाचे दार सर्वांना उघडावे म्हणून साने गुरुजींना 1947 साली उपोषणाला बसावे लागले. ज्यांना देवळात प्रवेश नव्हता त्या संत चोखोबांची समाधी आजही तिथल्या महाद्वारासमोर, बाहेरच आहे. एकमेकांच्या पायाशी वाकणाऱ्यांच्या या मेळ्यात कितीतरी पिढ्यांचे हे गाऱ्हाणे वाजत होते आणि त्याच्याकडे चालत जायला फार उशीर झाला. तळावर ऐकून घेण्याची इतकी नेमकी रीत हाताशी असताना तो व्हावा, याचे दुःख जास्त आहे.

तरी रोजच्या धक्क्याबुक्क्यांसाठी ती रीत किती पक्की आहे, हे दुसऱ्या दिवशी पहाटे कळते. गाऱ्हाणे मान्य झाले काय किंवा नाही झाले काय, क्रमांक बदलत नाहीत. जिच्याविषयी टाळ वाजवला ती दिंडी पुष्कळदा लगतचीच असते. पंढरपूरजवळच्या वाखरीपर्यंत तिच्याच पुढे किंवा मागे चालायचे असते, तिच्याच चालीशी आपली चाल जुळवून घ्यायची असते, आणि वाटेत समोरासमोर आल्यावर 'माऊली' म्हणून तिच्यातल्या कुणाच्या तरी पायाला हातही लावायचा असतो. आदल्या संध्याकाळी बोलताना हे सगळे दोन्हीकडच्यांच्या ध्यानात असते.