रुक्मिणीचं पत्र आणि झाडलेले रस्ते

रुक्मिणी आमच्या इकडची. नाचणगावच्या अंगानं वाहणारी वर्धा नदी धरून वर गेलं की कौंडण्यपूर लागतं. विदर्भाच्या भीष्मक राजाची ही पोट्टी तिथली, असं इकडं लहान लेकरूबी सांगतं. आषाढीला तिथून पंढरपूरला पालखी जाते. अमरावतीत अंबादेवीचं देऊळ दाखवून लोक कौतुकानं म्हणतात, इथूनच देवानं तिला पळवली. एकनाथांनी १५७१ साली ‘रुक्मिणीस्वयंवर’ लिहून पुरं केलं. चांगला नवरा भेटावा म्हणून लग्नाच्या पोरी अजून त्याचं पारायण करतात.

महाराष्ट्राची ही लाडकी प्रेमकथा. माझं भांडण कथेशी कमी, तिचं पारायण करून घेणाऱ्यांशी जास्त.

कथा काय सांगते? भाऊ रुक्मी बहिणीचं लग्न शिशुपालाशी ठरवतो. बाप त्याच्यापुढं नमतो. नावाला स्वयंवर, पण निवडीचा हक्क तिला कोणी दिलेला नाही. तिनं तो स्वतः घेतला. भागवतात तिचा कृष्णाला निरोप आहे, सात श्लोकांचा. आपल्याकडं तो रुक्मिणीचं पत्र म्हणूनच ओळखला जातो. त्यात नुसतं प्रेम नाही, आखणी आहे. लग्नाच्या आदल्या दिवशी मी गावाबाहेर देवीला येईन, तिथून मला घेऊन जा, हे तीच सांगते. कृष्ण रथ घेऊन येतो, पण डाव तिचा आहे.

अशा पोरीच्या पोथीचं काय केलं? व्रत केलं. भावाचा शब्द मोडणाऱ्या पोरीची गोष्ट मुकाट्यानं बोहल्यावर चढणाऱ्या पोरींच्या हाती दिली. ज्या घरात पारायण चालतं त्याच घरात भाऊ बहिणीचा मोबाईल तपासतो. काहून बाप्पा? पोथीतलं पत्र पवित्र, आणि घरातल्या पोरीनं लिहिलं की खानदानाची अब्रू जाते?

उत्तर कथेतच आहे. रुक्मी कृष्णाला गवळी म्हणून हिणवतो, पण तो गवळी द्वारकेचा यादव आहे. शेवटी राजकन्या राजघरातच गेली. कुंपण कुठंच मोडलं नाही, म्हणून ही प्रेमकथा कोणाला भीती घालत नाही. जातीचा गाभा जातीतल्या जातीत लग्न हाच आहे, हे बाबासाहेबांनी १९१६ साली कोलंबिया विद्यापीठात मांडलं. त्या कसोटीवर ही कथा घासून पाहा. बंड भावाविरुद्ध आहे, जातीविरुद्ध नाही.

अजून एक जागा दाखवतो. लग्नासाठी नगर सजवलं तेव्हा रस्ते, चौक झाडून सडा घातला होता, असं भागवत सांगतं. झाडलं कोणी? नाव नाही. ब्राह्मणाला निरोप नेण्याचं काम आहे, मान आहे, दान आहे. झाडणारा मात्र रस्ता स्वच्छ करून कथेतून निघून जातो. नाथांनी महाराच्या तोंडून जोहार बोलवून घेतले, हे मी विसरत नाही. पण जोहार करणारा महार भारुडात उभा राहू शकतो, प्रेमकथेत नाही.

तो प्रेमकथेत आला तर काय होतं? जानेवारी २०१३ मध्ये सोनईला मेहतर समाजाची तीन पोरं मारून टाकली. सफाईचं काम करणारी. कारण एकाचं सवर्ण पोरीवर प्रेम. २०१४ साली खर्ड्याला सतरा वर्षांचं दलित पोट्टं सवर्ण पोरीशी बोलल्याच्या संशयावरून संपवलं. पोथीत कृष्ण रुक्मीचे केस-मिशा भादरतो आणि रुक्मिणी भावाचा जीव वाचवते. आमच्या कथेत जीव वाचवायलाही कोणी नव्हतं.

कायदा आहे, हो. १९५४ चा विशेष विवाह कायदा. पण त्यात तीस दिवस आधी नोटीस द्यावी लागते आणि ती कचेरीत सगळ्यांना दिसेल अशी लावतात. रुक्मिणीनं असं केलं असतं तर रुक्मी सैन्य घेऊन कचेरीच्या दारातच बसला असता!

आता आपल्या मोहल्ल्याचं बोलू. १९५६ साली आपल्या आज्या-आज्यांनी नागपुरात बावीस प्रतिज्ञा घेतल्या. पोथ्या गेल्या, देव गेले. पण आपली पोट्टी मांगाच्या नाहीतर भंग्याच्या पोराचं नाव घेऊ दे, मग पाहा, निळा झेंडा लावलेल्या घरातून रुक्मी कसा बाहेर पडतो. सोनईच्या निषेधाला आपण घोषणा दिल्या. सोनईच्या त्या पोराला आपण आपली बहीण दिली असती का? हा प्रश्न मी पहिल्यांदा मलाच विचारतो, आणि उत्तर लगेच येत नाही.

म्हणून ही पोथी जाळा, असं मी म्हणत नाही. तिच्यातून ते पत्र तेवढं काढून घ्या आणि आपल्या बहिणींना वाचायला द्या. नवरा भेटावा म्हणून नाही. ‘मला हा नको’ असं म्हणता यावं म्हणून.

आणि लग्नानंतरची रुक्मिणी पाहायची तर पंढरपूरला जा. राधेवरून रुसून ती द्वारका सोडून दिंडीरवनात आली, असं लोक सांगतात. आजही तिचं देऊळ विठ्ठलापासून वेगळं आहे. त्या वेगळ्या उभ्या बाईचं पारायण कोणी करत नाही. आपण तिथून वाचायला सुरुवात करू.