पडद्यावरची बोली आणि हरवलेलं क्रियापद

आमच्या आईचं वय आता ऐंशीच्या पुढं गेलं. दिसायला कमी झालंय, पण कान तिखट आहेत. रात्रीची मालिका ती पाहत नाही, ऐकते. मागं एका मालिकेत मराठवाड्यातल्या दुष्काळी गावची शेतकरीण दाखवली होती. नऊवारी पातळ, कपाळावर रुपयाएवढं कुंकू, डोक्यावर हंडा. आईनं दोन-तीन वाक्यं ऐकली आणि विचारलं, "ही बाई कुण्या गावची म्हणायची?"

"आपल्याकडचीच दाखवलीय," मी म्हणालो.

"आपल्याकडं असं कोण बोलतं? ही तं अर्धी सातारची अन् अर्धी पुण्याची हाये."

पुढं मी वर्ष-दोन वर्षं वहीत ज्या नोंदी केल्या, त्यांचा निष्कर्ष आईच्या या एका वाक्यात आधीच आला होता. तिला तो कुठून कळला, एवढंच मला शोधायचं होतं. प्रस्तुत लेख त्या शोधाचा आहे.

आमचं चितेगाव छत्रपती संभाजीनगरहून पैठणला जाणाऱ्या रस्त्यावर, पैठण तालुक्यात येतं. व्हिडिओकॉनचा टीव्हीचा कारखाना याच गावात उभा राहिला. देशभरातल्या घरांत गेलेले कितीतरी संच आमच्या शिवारात जोडले गेले. कारखानदारीमुळं या पट्ट्यात लातूर, नांदेड, बुलढाणा, नगर अशा चहूकडची माणसं आली. भाषाशास्त्राची पदवी माझ्याकडं नाही. मी या परिसरात पाळ्या करत आयुष्य काढलं. बोलींचं शिक्षण झालं ते शेजारी उभं राहून काम करणाऱ्यांकडून आणि डबा खाताना रंगलेल्या गप्पांतून.

त्या गप्पांत एक गोष्ट पहिल्यांदा कानात बसली. माणूस कुठला ते त्याच्या शब्दांवरून कळत नाही, क्रियापदावरून कळतं. 'मी जातोय' एवढं साधं वाक्य घ्या. लातूर-नांदेडचा गडी म्हणायचा, "मी जायलो." आमच्याकडचा म्हणतो, "मी जाऊ राहिलो." नागपूरकर म्हणतो, "मी जाऊन राहिलो." 'जाऊ' आणि 'जाऊन' यांत फरक एका 'न'चा, पण तेवढ्यात दोन मुलूख वेगळे होतात. मालवणचा म्हणेल, "मी जातंय." कोल्हापूरकडची बाई 'मी आले' न म्हणता 'मी आलो' म्हणते आणि त्यात तिला काही वावगं वाटत नाही. 'लई', 'पोरगं', 'भाकर' हे शब्द अर्ध्या महाराष्ट्रात आहेत, त्यांवरून गाव सांगता येत नाही. क्रियापद मात्र गावाची वेस सोडत नाही.

हे मी शोधलं असं नाही. ग्रिअर्सनच्या भारतीय भाषा सर्वेक्षणाचा मराठीला वाहिलेला सातवा खंड 1905 साली निघाला. उधळ्या मुलाची एकच गोष्ट ठिकठिकाणच्या लोकांकडून त्यांच्या बोलीत घ्यायची, ही त्या सर्वेक्षणाची पद्धत. गोष्ट तीच असल्यानं बोली कुठं कुठं वळते ते एकाखाली एक ठेवून पाहता येतं. पुढं अ. मा. घाटगे यांनी मराठीच्या बोलींची सर्वेक्षणं पुस्तकरूपानं सिद्ध केली. अलीकडं पुण्याच्या डेक्कन कॉलेजनं राज्य मराठी विकास संस्थेच्या साथीनं गावोगावच्या बोलण्याचं ध्वनिमुद्रण करून ते इंटरनेटवर सर्वांसाठी खुलं केलं आहे. बोलीला नियम असतात, हे या सगळ्या कामातून पुनःपुन्हा दिसतं. बोली म्हणजे बिघडलेली प्रमाणभाषा नव्हे.

मी वहीत तीन रकाने आखले: शब्द, क्रियापद, हेल. मालिकेत किंवा चित्रपटात ग्रामीण पात्र आलं की तिन्ही रकान्यांत टिपायचं. पहिला रकाना भराभर भरे. 'न्हाय', 'व्हय', 'लई', 'आवं', 'काय बी', 'म्या'. दुसऱ्या रकान्यात बहुतेक वेळा प्रमाण मराठीचीच रूपं येत, फक्त कडेनं खरवडलेली: 'करतोय'चं 'करतुया', 'गेला होता'चं 'गेला हुता'. तिसऱ्या रकान्यात एकच हेल, मग पात्र परभणीचं असो की पारनेरचं. म्हणजे नट बोली बोलत नव्हता. प्रमाण मराठीत लिहिलेलं वाक्य तो मुद्दाम चुकवून म्हणत होता. आईच्या कानाला टोचलं ते हेच. शब्द गावाकडचे होते आणि खालचं वाक्य शहरातलं.

हा 'सर्वग्रामीण' हेल आला कुठून? याचं एक उत्तर चित्रपटाच्या भूगोलात आहे. मराठी चित्रपटाची पहिली मोठी पेठ कोल्हापूर. बाबूराव पेंटरांची महाराष्ट्र फिल्म कंपनी तिथली. प्रभातचा जन्म 1929 साली तिथलाच, पुण्याला ती नंतर गेली. भालजी पेंढारकरांचा जयप्रभा स्टुडिओ तिथलाच. 'सांगत्ये ऐका'पासून तमाशापटांची लाट आली, तेव्हा व्यंकटेश माडगूळकर, शंकर पाटील यांच्यासारखे कथाकार चित्रपटासाठी लिहीत होते. माणदेश आणि कोल्हापूर ही त्यांची स्वतःची भूमी, त्यामुळं त्यांच्या संवादांत ती बोली खरी होती. पुढं झालं असं, की एका भागाची खरी बोली साऱ्या महाराष्ट्राच्या 'खेड्या'ची बोली ठरली. नकलेची नक्कल होत गेली आणि तिच्यातून कोल्हापूरही गळालं. 'मी आलो' म्हणणारी कोल्हापूरची बाई पडद्यावर मला क्वचितच भेटली. तेव्हा नुकसान एकट्या मराठवाड्याचं झालं, असं मी म्हणत नाही.

हे दुखणं आपलं एकट्याचंही नाही. आयर्लंडच्या लोकांनी ते पिढ्यान्‌पिढ्या सोसलं आहे. इंग्लंडच्या रंगभूमीवर बडबड्या, दारुड्या, भोळसट आयरिश माणसाचं एक ठरीव सोंग होतं, आणि त्या सोंगाची एक ठरीव बोलीही होती. हॉलिवूडनं ती पुढं चालवली. 'फार अँड अवे'मधला टॉम क्रूझ किंवा 'द डेव्हिल्स ओन'मधला ब्रॅड पिट यांच्या आयरिश उच्चारांची आजही टिंगल होते. 2020 साली 'वाइल्ड माउंटन थाइम' आला, तेव्हा नुसत्या झलकीवरच आयरिश लोकांनी हसून घेतलं. गंमत म्हणजे त्यातला नायक जेमी डॉर्नन स्वतः उत्तर आयर्लंडचा. पण पात्र होतं मधल्या आयर्लंडातल्या शेतकऱ्याचं. बेलफास्टकडचा जन्म तिथं कामाला आला नाही. आपल्याकडं नांदेडचा नट घेऊन त्याच्याकडून पैठणचा शेतकरी करून घ्यावा, तसंच हे.

यावर निर्मात्यांचं नेहमीचं उत्तर असतं: खरी बोली वापरली तर सगळ्या महाराष्ट्राला कळणार नाही, म्हणून ती पातळ करावी लागते. 'रात्रीस खेळ चाले'ची मालवणी ऐकताना हे उत्तर आठवतं. पण याच मालवणीत गंगाराम गवाणकरांचं 'वस्त्रहरण' मच्छिंद्र कांबळींनी हजारो प्रयोग करून चालवलं, आणि ते पाहायला केवळ मालवणी माणूस येत नव्हता. 'सैराट'मधल्या मुलांना करमाळा-अकलूजकडची बोली कुणी पातळ करून बोलायला लावली नाही, तरी 2016 सालच्या त्या चित्रपटानं मराठीतले कमाईचे विक्रम मोडले. प्रेक्षकाला एखादा शब्द अडला तरी माणूस अडत नाही. खोट्या बोलीत शब्द सगळे कळतात, माणूस मात्र दिसत नाही.

आमच्या मराठवाड्यापुरतं बोलायचं तर दोन नावं घ्यावीच लागतात. रा. रं. बोराडे यांच्या 'पाचोळा'त एक बाई आपल्या घराची वाताहत आपल्या बोलीत सांगते. 1971 सालची ही कादंबरी. त्या बोलीला कुणी हसत नाही. दुसरं नाव लक्ष्मण देशपांडे यांचं. औरंगाबादच्या विद्यापीठात नाट्यशास्त्र शिकवणाऱ्या या माणसानं 'वऱ्हाड निघालंय लंडनला'मध्ये एकट्यानं बावन्न पात्रं उभी केली. लोक पोट धरून हसत. पण त्यात म्हाताऱ्याची बोली वेगळी, पोराची वेगळी, पाटलाची वेगळी आणि बाईमाणसाची वेगळी होती. एका गावात एकच हेल नसतो, हे मला त्या प्रयोगानं शिकवलं. हसू माणसाच्या स्वभावातून येत होतं. बोली हाच विनोद झाला नव्हता.

इथं एक गैरसमज दूर केला पाहिजे. ज्या गावचं पात्र त्याच गावचा नट हवा, असं माझं म्हणणं नाही. तसं असेल तर अभिनयाला अर्थ काय उरला? 'माझ्या नवऱ्याची बायको'मधली राधिका नागपूरची, ती करणारी अनिता दाते नाशिकची. पण तिनं 'करून राहिले' हे क्रियापद धरून ठेवलं. पुढं राधिका मोठी उद्योजिका झाली तरी ती बोली तिनं सोडली नाही. याउलट, बोली जन्मापासून येत असली म्हणून सगळं साधतं असंही नाही. मकरंद अनासपुरे यांनी मराठवाड्याचा हेल थेट नायकाच्या तोंडी नेला, ही मोठी गोष्ट होती. पण बाजारानं त्या हेलाकडून हसूच मागितलं, आणि मागणी तसा पुरवठा होत गेला. त्याच हेलात एखादा बाप मुलीच्या लग्नाच्या चिंतेनं रात्रभर जागू शकतो, हे दाखवायची संधी मोठ्या पडद्यानं त्यांना त्या मानानं कमी दिली. बोली परीक्षेत उतरली की नाही ते पाहायला माझी कसोटी साधी आहे: या बोलीत पात्राला रडता येतं का, रागावता येतं का, हिशोब करता येतो का? फक्त हसवता येत असेल, तर ती बोली नाही, सोंग आहे.

हे सगळं वहीतच राहिलं असतं. पण दोन वर्षांपूर्वी माझी पुतणी एका मालिकेच्या निवडचाचणीला पुण्याला गेली. भूमिका मराठवाड्यातल्या शेतकऱ्याच्या मुलीची होती. ती मराठवाड्यातल्या शेतकऱ्याचीच मुलगी आहे. चार ओळी दिल्या होत्या, त्या तिनं घरात बोलतो तशा म्हटल्या. समोरचे म्हणाले, "छान आहे, पण थोडं अजून गावरान कर ना." तिला कळेना की अजून गावरान म्हणजे काय. ती परत आली. दुसऱ्या दिवशी मी तिच्या घरी गेलो, तर आरशासमोर उभी राहून 'न्हाय जी', 'व्हय जी' असं घोकत होती. 'जी' आमच्या घरात कुणी म्हणत नाही. आई बाजेवरून ऐकत होती. म्हणाली, "पोरी, तुला काय झालं? असं कामून बोलू राहिली?"

मला वाईट वाटलं ते तिची निवड झाली नाही याचं नव्हे. जिची नक्कल व्हायची, तीच आता नकलेची नक्कल करायला बसली होती. पडद्यावरची बोली खोटी असली तर नट चार दिवस हसं करून घेतो, इतकंच तिचं नुकसान नाही. आपण बोलतो ते खरं नाही, खरं ते टीव्हीतलं, असं खऱ्या बोलणाऱ्याला वाटायला लागतं, तिथं ते नुकसान पोचतं. शाळेत बोलीला अशुद्ध म्हणून हटकलं. आता पडद्यावर तीच बोली 'पुरेशी गावरान नाही' म्हणून परत पाठवली जाते. दोन्हीकडून हाकलल्यावर तिनं जायचं कुठं?

आमच्या गावापासून पैठण जवळ. तिथं सोळाव्या शतकात एकनाथ महाराजांनी भारुडं रचली. जोशी, वेडी, गोंधळी, मुका अशी नाना सोंगं त्यांनी घेतली, आणि ज्याचं सोंग त्याची वाणी वापरली. 'हिंदू-तुर्क संवादा'त तर तुर्काच्या तोंडी त्यांनी त्याची दखनी घातली. दोघंही एकमेकांना सडकून बोलतात, दोघांनाही बाजू मांडायला सारखा वाव मिळतो, आणि शेवटी समजूत पटून वाद मिटतो. नाथ ब्राह्मण, संस्कृत जाणणारे. त्यांनाही परक्याची बोली उसनी घ्यावी लागली. पण उसनं आणलेलं भांडं घासूनपुसून परत द्यावं, तशी त्यांनी ती वापरली. सोंग घेणं वाईट नाही. ज्याचं सोंग घेतलं त्याला बोलू न देणं वाईट.

मालिकावाल्यांकडं माझं मागणं फार मोठं नाही. पात्राचा तालुका ठरवा. डेक्कन कॉलेजचं ध्वनिमुद्रण तासभर ऐका. त्या तालुक्यातली एखादी बाई शोधा, तिला संवाद वाचून दाखवा, आणि कुठं अडतं ते तिला विचारा. श्रेयनामावलीत केशभूषेला जागा असते, तशी एक ओळ तिच्या नावाला द्या, आणि कामाचे पैसेही द्या. संवाद लिहिताना शब्दाआधी क्रियापद पाहा.

पुतणीला मी आरशापुढून उठवलं आणि आजीजवळ बसवलं. 1972 च्या दुष्काळात खडी फोडायला गेल्याची गोष्ट आई सांगत होती. पुतणी फोनवर ते मुद्रित करत होती. मधेच आईनं विचारलं, "हे कामून भरून घेऊ राहिली?"

"पुढल्या टायमाला मला असंच बोलायचंय," ती म्हणाली.